चौमूंचा अनुस्वार

थंडीत सकाळचे सात वाजून गेले तरी चौमूंच्या भाजीमंडीवर धुकं तसंच बसलेलं असायचं. मटारच्या गोण्या ट्रॅक्टरमधून धपाधप खाली पडायच्या आणि ओल्या तागाचा नि हिरव्या शेंगांचा मिळून एक वास उठायचा. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत खिळ्याला रेडिओ टांगलेला होता. धूळ बसू नये म्हणून त्याला दुधाची पिशवी घातलेली, त्यामुळे आवाज थोडा घोगरा होऊन यायचा. गाणं संपलं की जयपूरच्या स्टुडिओतली मुलगी बोलू लागायची. कुणी फोन केलेला असे, कुणाला कुणासाठी तरी गाणं हवं असे. मग ती गावांची नावं घ्यायची. गोविंदगढ, रेनवाल, सामोद, जैतपुरा. आणि मध्येच, चौमूं. त्या क्षणी टपरीवाला चहा गाळता गाळता थांबायचा. पातेलं हातात तिरकं धरलेलं, धार तुटलेली. नाव उच्चारून झालं की धार पुन्हा सुरू व्हायची.

ती हा शब्द पुरता मिटत नसे. शेवटचा अनुस्वार नाकात जरा रेंगाळायचा, तंबोऱ्याची तार छेडून बोट उचलल्यावर नाद रेंगाळतो तसा. मी तीन वर्षं त्या गावात राहिले. सोडूनही आता बरीच वर्षं झाली. पण गाव आठवतं ते त्या अनुस्वारासकट.

नवऱ्याची बँकेतली बदली झाली तेव्हा नकाशात शोधूनच हे नाव सापडलं होतं. जयपूरच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, सीकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नाथावत राजपुतांचं हे जुनं ठिकाण. त्यांच्या गढीत आता हॉटेल आहे आणि २००७ साली आलेल्या 'भूलभुलैया' सिनेमाचं चित्रीकरण तिथे झालं, हे गावात पाऊल ठेवल्याच्या पहिल्याच तासाला मला तिघांनी सांगितलं. गावाची खरी मिजास मात्र बोरांची. गोला, सेब, उमरान अशी त्यांची नावं. माघ-फाल्गुनात हातगाड्यांवर त्यांचे पिवळे-तांबूस ढीग लागत आणि भाव विचारायच्या आधीच एक बोर हातावर ठेवलं जाई. आमच्याकडची बोरं आंबटगोड, खिशात मावणारी, शाळेच्या दप्तरातली. ही बोरं सुरीने कापून खायची होती.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला जयपूर हे आधी गाण्याचं नाव म्हणून कळतं, शहराचं म्हणून नंतर. आमच्या घरी सांगली आकाशवाणी लागायची. १९६३ साली सुरू झालेलं ते केंद्र, १२५१ किलोहर्ट्झ. वडील दाढी करताना रेडिओ आरशाखाली ठेवायचे. निवेदिका सांगायची, आता जयपूर घराण्याच्या अमुक गायिका, राग तमुक. ती इतक्या सलगीने जयपूर म्हणायची, की ते रंकाळ्याच्या पलीकडे, पन्हाळ्याच्या अलीकडे कुठेतरी असावं अशी माझी लहानपणी खात्री होती. एकदा पन्हाळ्याला जाताना मी वडिलांना विचारलंही होतं, जयपूर कधी येणार म्हणून. ते हसले नाहीत. म्हणाले, येऊन गेलं.

त्या उत्तराचा अर्थ मला फार उशिरा लागला. जयपूर घराणं ज्यांनी उभं केलं त्या अल्लादियाखाँसाहेबांचा जन्म १८५५ सालचा, उनियाऱ्याचा. उनियारा तेव्हा जयपूरच्या मुलखात होतं, आज टोंक जिल्ह्यात आहे. घराणं मूळचं अत्रौलीचं, म्हणजे अलीगढकडचं. वडील लवकर गेले, तेव्हा चुलत्यांनी, जहांगीरखाँनी, जयपुरात त्यांना तालीम दिली. जयपूर दरबारात तेव्हा गुणीजनखाना नावाचं खातंच होतं. हत्तीखाना असावा, तोफखाना असावा, तसा गुणी माणसांचा खाना. सवाई रामसिंहांच्या काळात तिथे बहरामखाँ डागरांसारखे ध्रुपदिये होते, बीनकार होते. पोरवयातल्या अल्लादियाखाँच्या कानावर हे सगळं पडलं. पुढे एका संस्थानात त्यांना इतकं गावं लागलं की आवाज बसला, आणि पहिल्यासारखा तो कधीच परतला नाही. उरलेल्या जाड, जड आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. लयीला घट्ट बांधलेली, वळणावळणाने जाणारी, एका श्वासात लांबचा पल्ला गाठणारी. १८९५ मध्ये ते शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात आले आणि महाराज गेल्यावर, १९२२ साली, मुंबईला गेले. मधल्या सत्तावीस वर्षांत जयपूर कोल्हापुरात वस्तीला होतं. वडिलांनी मला सांगितलं होतं ते हे.

खाँसाहेबांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. ज्यांच्यामुळे आम्ही या घराण्याचं नाव घेतो, त्यांचा आवाज कसा होता ते शिष्यांच्या आवाजांवरून ताडायचं. नदी कुठून आली हे पाण्याच्या चवीवरून ओळखावं, तसं. आणि ते शिष्य तरी कोण? केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. गोव्यातली केरी, गोव्यातली कुर्डी. १९१९ साली खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीत मुक्कामाला होते. जाता-येता एका घरातून एका मुलीचा रियाज ऐकू यायचा. एक दिवस ते आत गेले आणि तिला शिकवू लागले. ती मुलगी मोगूबाई, वय पंधरा. कुर्डी गाव नंतर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जोती, पायऱ्या, देवळाचे अवशेष काही आठवड्यांपुरते वर येतात, गावकरी जाऊन भेटून येतात. एरवी बाराही महिने कुर्डी कोरडी राहिली ती फक्त आडनावात. केरीचं नाव तर आणखी दूर गेलं. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्या तबकडीच्या झाकणावर आपल्या सूर्याचा ठिकाणा खोदलेला आहे, कुणाला सापडलीच तर हा आवाज कुठून आला ते कळावं म्हणून. माणसांनी आवाजासोबत पत्ता पाठवला, हे मला त्या सगळ्या उपक्रमातलं सर्वांत मायेचं वाटतं.

चौमूंत आमच्या वरच्या मजल्यावर घरमालकांची धाकटी मुलगी राहायची. घरातले सगळे तिला बाईसा म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. टपरीवरच्या रेडिओतली मुलगी म्हणजे हीच, हे मला दोन महिन्यांनी कळलं. जिन्यात भेटणारी बाईसा हळू बोलायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बोलायची. रेडिओतली मुलगी वेगळ्या नावाने बोलायची आणि हसली की वाटायचं, ती आपल्याच ओट्यावर बसली आहे. जयपुरात २००६च्या सुमारास खासगी एफएम वाहिन्या आल्या, आणि गल्लीबोळातली बोलकी पोरं-पोरी एकाएकी आरजे झाली. ही त्यांतलीच. पहाटे साडेचारला उठायची, शाल लपेटून रस्त्यावर उभी राहायची. रोडवेजच्या बसचा कंडक्टर तिला ओळखत होता. हरमाडा, विश्वकर्मा, चौमूं पुलिया अशी नावं पुकारत बस अंधारातून जायची. जयपुरातल्या त्या पुलाला आमच्या गावाचं नाव आहे याचा तिला फार अभिमान होता.

दुपारी ती परतली की कधीकधी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसायची. मी पोळ्या लाटायचे आणि ती धंद्यातल्या गोष्टी सांगायची. दोन गाण्यांच्या मधल्या बोलण्याला ते 'लिंक' म्हणतात. जास्तीत जास्त तीस-चाळीस सेकंदांची. गाण्याच्या सुरुवातीला वाद्यांचे तुकडे असतात. ते कोणत्या गाण्यात किती सेकंद चालतात, हे तिला तोंडपाठ होतं. त्या तुकड्यांवर बोलत जायचं आणि गायकाने तोंड उघडायच्या अगदी आधी थांबायचं. फार आधी थांबलं तर पोकळी पडते. पाव सेकंद उशीर झाला तर बोलणं मुखड्यावर चढतं, आणि तिच्या मते याहून मोठं पाप नाही. समोर घड्याळ असतं, पण घड्याळाकडे बघून हे जमत नाही, आंटीजी, आतून कळावं लागतं, असं ती म्हणायची.

तेव्हा माझं लाटणं थांबलं होतं. तालाच्या समेबद्दल वडील हेच सांगत. जयपूर घराण्याची तान समेकडे धावत नाही, ती बोलता बोलता समेवर येऊन पोचते, आणि पोचल्यावर ऐकणाऱ्याला कळतं की सगळी वाट तिकडेच चालली होती. या मुलीला ख्यालगायकीतलं काही ठाऊक नव्हतं. गुणीजनखाना हा शब्द तिने माझ्याकडून पहिल्यांदा ऐकला. पण जिथे बहरामखाँ आणि जहांगीरखाँ शिकवत होते त्याच शहरात, काचेच्या एका बंद खोलीत, कानांवर हेडफोन घालून ती रोज सकाळी सम गाठत होती. मला यात कुठलाही चमत्कार दाखवायचा नाही. शहरं काही गोष्टी हवेत ठेवून जातात, एवढंच मला वाटतं, आणि कान असलेल्या माणसाला त्या सापडतात.

जयपूर अशा कानांचं शहर आहे. मिर्झा इस्माईल रोडवर १९५५ पासून आकाशवाणीचं केंद्र आहे. दरबार गेला, संस्थानं विलीन झाली, तेव्हा गुणीजनांचा पगार बंद झाला. देशभर अशा कितीतरी कलावंतांच्या घरी आकाशवाणीचा करार हाच पुढचा आधार ठरला. ऑडिशन, श्रेणी, मग महिन्याकाठी एखादा कार्यक्रम आणि डाकेने येणारा चेक. अहमद हुसेन आणि मोहम्मद हुसेन हे बंधू याच शहरातले. १९५८ पासून, म्हणजे अगदी बालपणापासून ते एकत्र गातात. त्यांची गझल ऐकताना दोन गळे केव्हा वेगळे होतात नि केव्हा मिळतात हे शोधण्यात मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या आहेत. विश्वमोहन भट्ट इथलेच. गिटारला तरफेच्या तारा जोडून त्यांनी मोहनवीणा केली आणि १९९४ साली ग्रॅमी घरी आणलं. ब्रह्मपुरीत भट्ट घराण्याचा तमाशा होतो, होळीच्या दिवसांत, उघड्या आखाड्यात. तमाशा म्हटल्यावर माझे कान ढोलकीची वाट बघत होते. पण समोर कलगी लावलेला जोगी उभा राहिला आणि त्याने रागात संवाद सुरू केला. प्रेक्षक गच्च्यांवर, ओट्यांवर, दगडी पायऱ्यांवर बसले होते. गुलाल हवेत होता. एका म्हातारबुवांनी माझ्याकडे न बघताच पुटपुटत रागाचं नाव सांगितलं, नि दोन मिनिटांनी राग बदलल्यावर नवं नाव सांगितलं. शेवटपर्यंत ते असं सांगत राहिले. या शहरातल्या पाहुणचाराची याहून चांगली आठवण माझ्याजवळ नाही.

बाईसाचं एक दुखणं होतं. तिच्या तोंडात ढूंढाडी होती. काईं छै, म्हणजे काय आहे. त्या बोलीत 'ण' आहे आणि 'ळ' आहे. ती पाणी म्हणायची, पानी नाही. काळो म्हणायची, बादळ म्हणायची, आणि बादळ म्हणजे ढग, वादळ नव्हे, हे मला समजावून सांगायची. हिंदीच्या मुलखात तीन वर्षं 'ळ'वाचून काढायची आहेत या धास्तीने मी गेले होते. या मुलीच्या तोंडी पहिल्यांदा 'फळ' ऐकलं तेव्हा माझ्या घशाशी काहीतरी आलं. ती ज्या वाहिनीवर काम करायची तिथल्या वरिष्ठांना मात्र हा 'ण' खटकायचा. गावठी वाटतो म्हणायचे. तिला ध्वनिमुद्रणं ऐकवून दुरुस्त्या सांगायचे. मग ती गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभी राहून पानी, पानी, पानी असा घोष करायची. खालून मला ते ऐकवायचं नाही. एक दिवस मी वर गेले आणि तिला म्हटलं, बाईसा, माझ्याशी तरी पाणी म्हण. ती रडली. मीही रडले. खाली कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या.

तिची मावशी सामोदच्या डोंगराआड राहायची. एफएमची लहर उजेडासारखी सरळ रेषेत चालते, तिला डोंगर ओलांडता येत नाही, त्यामुळे मावशीच्या अंगणात जयपूर नुसतं खरखरायचं. म्हणून ती बाई रोज सकाळी संच घेऊन गच्चीवर चढायची, एरियल जयपूरच्या दिशेला धरायची आणि भाचीचा आवाज लागेपर्यंत कोपरा न् कोपरा फिरायची. कुठल्या कोपऱ्यात कुठल्या ऋतूत आवाज स्वच्छ लागतो हे तिला पाठ झालं होतं. मी गेले तेव्हा तिने मला ती जागा दाखवली. पाण्याच्या टाकीच्या उजव्या अंगाला, दोन विटा ठेवलेल्या. मावशी लिहू-वाचू न शकणारी, पण तिच्याइतका जाणता रेडिओश्रोता मी दुसरा पाहिला नाही. भाचीला सर्दी झाली आहे हे तिला आधी कळायचं, घरच्यांना नंतर.

मध्यम लहरींचं वेगळं असतं. दिवसा त्या जमिनीला धरून चालतात, आणि वर गेल्याच तर हवेच्या उंचावरच्या एका थरात शोषल्या जातात. सूर्य बुडाला की तो थर विरतो. मग लहरी आणखी वर जाऊन तिथून परतून खाली येतात, शेकडो मैलांवर. पौषातल्या एका रात्री नवरा दौऱ्यावर होता, झोप येत नव्हती, म्हणून मी गोधडीत रेडिओ घेऊन काटा उगाच फिरवत होते. ५५८च्या आसपास हलकं, लाटांवर हेलकावणारं काहीतरी लागलं. समुद्रातून यावी तशी एक बाई वर आली, मराठीत दोन वाक्यं बोलली, बुडाली. मुंबईची अस्मिता वाहिनी. मी काट्यावरून बोट काढलं नाही. ती पुन्हा वर आली तेव्हा गावांची नावं वाचत होती. कुठल्या कार्यक्रमाचा तो तुकडा होता कोण जाणे. 'आपली आवड' ऐकताना लहानपणी आम्ही अशीच वाट बघायचो, आपल्या गल्लीतल्या कुणाचं नाव येतं का म्हणून. त्या रात्री आलेल्या नावांत माझ्या ओळखीचं एकही गाव नव्हतं. मी सगळी नावं कान देऊन ऐकली.

तिसऱ्या वर्षी सवाई माधोपुरला जाण्याचा योग आला. टोंक ओलांडून बस पुढे निघाली. खिडकीतून मोहरीची शेतं सरकत होती. मला डुलकी लागली असावी. आणि एकाएकी कंडक्टरने दार ठोठावत नाव पुकारलं, उनियारा. मी दचकून उभी राहिले. आमच्या देवघराशेजारी ज्या माणसाचा फोटो होता, त्याच्या जन्मगावाचं नाव एक माणूस रस्त्यावर ओरडत होता, कुणाला उतरायचं असेल तर उतरा म्हणून. मी उतरले. बस पाचेक मिनिटं थांबणार होती. एक पिंपळ, एक हातपंप, शेंगदाण्याची गाडी, बकऱ्या. हातपंपाचं पाणी प्यायले. थोडं मचूळ होतं. बसमध्ये परत चढले, आणि सवाई माधोपूर येईपर्यंत शेजारच्या बाईशी एक शब्द बोलले नाही. तिने दोनदा विचारलं, तबियत ठीक आहे ना.

त्याच उन्हाळ्यात बदलीचा कागद आला. बाईसाला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, आंटीजी, जायच्या दिवशी कुठलं गाणं लावू? मी म्हटलं, गाणं तुला हवं ते लाव. मला फक्त दोन गावांची नावं ऐकायची आहेत. तिने ती तळहातावर पेनने लिहून घेतली.

निघायच्या सकाळी सामान खोक्यांत भरून झालं होतं. हमाल जिन्यातून कपाट उतरवत होते. रेडिओ तेवढा खिडकीत ठेवलेला. साडेसातनंतर ती बोलायला लागली. मागे कुठल्याशा जुन्या गाण्याचे वाद्यांचे तुकडे वाजत होते. गोविंदगढ, ती म्हणाली. रेनवाल. सामोद. मग चौमूं, तिच्या त्या अनुस्वारासकट. मग उनियारा. मग थोडं थांबून, मी शिकवलं होतं तसं 'ल्ह'वर जोर देत, कोल्हापूर. आणि म्हणाली, आज चौमूंत फार गरम आहे, घरातून निघताना पाणी बरोबर घ्या. पाणी. 'ण' अगदी स्वच्छ, सगळ्या जयपुराला ऐकू जाईल असा.

हमाल दारात उभा होता. रेडिओही खोक्यात टाकू का, विचारत होता. मी हाताने त्याला थांबवलं. तोही थांबला. वाद्यांचा तुकडा संपत आला होता, आणि मुखडा सुरू व्हायला अजून एक श्वास बाकी होता.